कारम म्हणजे तिखट नव्हे

अप्पांच्या पोटात अल्सर निघाला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या घरातून मिरची हद्दपार झाली. डॉक्टर तमिळमध्ये दोनच शब्द बोलले होते, "कारम कूडादु." तिखट चालायचं नाही. आईने ते दोन शब्द असे काही मनावर घेतले की फोडणीतली सुकी मिरची गेली, सांबारपूड गेली, रसमातली मिरी गेली आणि लोणच्याची अख्खी बरणी शेजारणीच्या घरी गेली. उडदाचं पीठ ताकात कालवून आम्ही डांगर करतो, त्यात हिरव्या मिरचीचा एक तुकडा असायचा, तोही दिसेनासा झाला. अप्पांसाठी वेगळं आणि बाकीच्यांसाठी वेगळं शिजवायचं आईला पटत नव्हतं. एकाने पांढरं खायचं आणि तिघांनी त्याच्यासमोर लाल ओरपायचं, हे तिच्या मते माणुसकीला धरून नव्हतं. मी चौदा वर्षांची. जीभ चरचरल्याशिवाय जेवल्यासारखं वाटायचं नाही. पानावर बसले की माझे गुडघे आपोआप हलायला लागायचे आणि आत्या म्हणायची, "पाय हालवूं नको गे, घरांतली लक्ष्मी जाते." लक्ष्मी गेली तर तिच्यामागून मिरची आणायला मीही जाईन, असं मी मनात म्हणायची.

घर मैलापुरात होतं, देवळाच्या तळ्यापासून दोन गल्ल्या आत. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि पुढे लांबट ओसरी. माणसं चार. अप्पा टी. नगरातल्या एका पट्टूसाड्यांच्या, म्हणजे रेशमी साड्यांच्या दुकानात गादीवर मांडी घालून दिवसभर साड्या उलगडायचे आणि गिऱ्हाईक उठून गेलं की पुन्हा घड्या घालायचे. दुपारचा डबा खायला त्यांना चार वाजायचे, कधी पाच. अल्सर तिथूनच आला असणार. आई घरात. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण, फार लवकर विधवा झालेली, आणि तिच्या शब्दाबाहेर अप्पा कधी गेले नाहीत. शेजारच्या घरात गाण्याचा वर्ग चाले. तिथे दहा मुली एकच सरगम दहा वेळा घोळवीत आणि तिसऱ्या ओळीवर हमखास कोणीतरी घसरे. ती घसरली की मी उठून अंगणात जायची, पाणी प्यायची, परत यायची, पुन्हा उठायची. माझ्याने एका जागी बसवत नसे. अजूनही बसवत नाही. एवढं लिहून होईपर्यंत मी चार वेळा उठले आहे, एकदा गॅस बंद केला का ते पाहायला, आणि तीनदा काही कारण नसताना.

आम्ही तंजावूरकडचे मराठी. घरात बोलायचो ते मराठीच, पण ते ऐकून आता माझ्या वरच्या मजल्यावर राहणारा नाशिकचा मुलगा, इथे कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो तो, हसू दाबतो. "आजी, तुमच्या बोलण्याला खाली सबटायटल पाहिजेत," असं तो मला तोंडावर म्हणाला आहे. हे जे लिहिते आहे ते मराठी मी फार पुढे, सोलापूरच्या नवऱ्याकडून शिकले. शाळा मात्र तमिळ. आई बोलायला तमिळ फडाफडा बोले, भाजीवाल्याशी भांडायची तर त्याच भाषेत, पण तिला ते वाचता येत नसे. म्हणून तिचा एक नेम होता. दिवेलागणीला ती तांदूळ निवडायला ओसरीवर बसे आणि मी समोर बसून त्या दिवशीचा धडा मोठ्याने वाचायचा. भूगोल असो, इतिहास असो, तिला सगळं चाले. चेरापुंजीला किती पाऊस पडतो ते आमच्या आळीत फक्त माझ्या आईला माहीत होतं. अर्थ ती कधी विचारायची नाही. छापलेलं आहे आणि आपली मुलगी ते वाचते आहे, एवढ्यावरच तिचा चेहरा फुलायचा.

आत्याला हे सोसत नसे. "आठवीपर्यंत झाली, पुरे होतं," ती म्हणायची. "लग्नाला येणारा तिज रसायनशास्त्र विचारणार अहे कां?"

"तो विचारूं दे, न विचारूं दे," आई म्हणायची, "मज होणा." म्हणजे मला हवं आहे. एरवी आत्यापुढे खाली मान घालणारी माझी आई या एका गोष्टीत हटायची नाही.

अप्पांना दवाखान्यातून पांढऱ्या पुडीची पाकिटं मिळायची. कागदाची बारीक घडी, आत खडूच्या भुकटीसारखं काहीतरी. जेवणानंतर आई ती पाण्यात टाकून ढवळायची आणि अप्पा घाईघाईने पिऊन टाकायचे, कारण जरा थांबलं की पूड तळाशी बसे आणि वर नुसतं पाणी राही. पुडी घेतल्यावर अर्ध्या तासात त्यांच्या कपाळावरचा आठ्यांचा गठ्ठा सैल व्हायचा. मग ते आढ्याकडे बघत दुकानातल्या गमती सांगत, कुठली बाई चाळीस साड्या उलगडून रिकाम्या हाताने गेली वगैरे. त्या गमती संपेपर्यंत मी त्यांच्या अंगाला टेकून शांत बसायची. दिवसातला तेवढाच वेळ बहुधा.

त्याच सुमाराला शाळेत आम्ल आणि आम्लाच्या विरुद्ध असलेले पदार्थ यांचा धडा आला. त्या दुसऱ्या जातीला तमिळमध्ये कारम म्हणतात. शब्द तोच, मिरचीचा, पण शास्त्राच्या पुस्तकात त्याचा अर्थ वेगळा. वर्गात पहिल्यांदा तो शब्द आला तेव्हा सगळ्या मुली खिदळल्या, मग टीचरनी समजावलं, हे जिभेवरचं कारम नव्हे. साबण, चुना, धुण्याचा सोडा, हे असले कारम. पाण्यात विरघळतात, बोटाला बुळबुळीत लागतात, लाल लिटमसचा कागद निळा करतात. इथपर्यंत ठीक होतं. पुढच्या तासाला टीचरनी तांब्याच्या ऑक्साइडची काळी पूड आणली, परीक्षानळीत पाण्यात टाकली, हलवली. पूड जशीच्या तशी खाली बसली. लाल लिटमस घातला, तो लालच राहिला. आणि टीचरनी फळ्यावर लिहिलं की धातूंची ऑक्साइडं कारम असतात, तांब्याचं, जस्ताचं, लोखंडाचं, मॅग्नेशियमचं.

मी उभी राहिले. म्हटलं, टीचर, हे पाण्यात विरघळलं नाही. कागद निळा झाला नाही. मग हे कारम कसं?

खरं म्हणजे आता तिथे आम्ल घालून दाखवायचं होतं. पण आम्लाची बाटली कुलपात होती आणि कुलपाची चावी ज्यांच्याकडे होती त्या बाई त्या दिवशी रजेवर होत्या. टीचर वैतागलेल्या असाव्यात. "पुस्तकात कारम लिहिलंय ना? मग कारम. बस खाली."

मी बसले, पण बसले ती नावाला. उरलेले तास डोक्यात तेच भिरभिरत होतं. घरी येताना बसमध्ये, उतरल्यावर गल्लीत, पायातली चप्पल काढताना, तेच. काही होत नाही, काही बदलत नाही, तळाशी जाऊन बसतं, आणि तरी त्याला नाव द्यायचं. मला टीचरचा राग आला होता, पुस्तकाचा आला होता, आणि सगळ्यात जास्त माझ्या खाली बसण्याचा.

त्या संध्याकाळी ओसरीवर मी तोच धडा वाचला, तोंडातल्या तोंडात चावत. "मॅग्नेशियम आक्सैडु ओरु कारम." मॅग्नेशियमचं ऑक्साइड एक कारम आहे. आईचा तांदळातला हात थांबला.

"काय म्हणालीस? मॅग्नेशियम?" ती म्हणाली. "अप्पांच्या पुडीचं नांव तेंच नव्हे कां? कंपौंडर तसंच कांहीं म्हणतो."

"तेंच," मी म्हटलं.

"तें कारम अहे?"

"हो."

"कारम म्हणजे तिखट गे?"

इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. वर्गात टीचरनी सांगितलेलं, सोपं, अर्ध्या ओळीचं. ते मला येत होतं. पण डोकं तापलेलं, शेजारी तिसरी ओळ पुन्हा घसरत होती, आणि मी आईच्या अंगावर दुपारचं सगळं ओतलं. "पुस्तकांत कारम लिहिलंय ना? मग कारम. मज काय विचारतेस?"

आई पुन्हा सुपाकडे वळली. तांदूळ निवडत राहिली.

तिने काय केलं ते मला आठवड्यानंतर कळलं. डॉक्टर म्हणतात कारम नको, कंपौंडर हातात कारमच देतो, आणि छापील पुस्तकातून आपल्या मुलीने ते वाचून दाखवलं, यात तिला शंकेला जागाच राहिली नव्हती. पुड्या तिने मोरीत ओतल्या. अप्पा विचारतील म्हणून त्याऐवजी ती आरारूट पाण्यात कालवून देऊ लागली, तेही पांढरं, तेही तळाशी बसणारं. पोटाला थंड म्हणून ते ती लहानपणापासून ऐकत आली होती. अप्पा मुकाट्याने प्यायचे. आठ्या मात्र सुटेनात. आढ्याकडे बघून सांगायच्या गमती बंद झाल्या. ते कुशीवर वळून पाय पोटाशी घेऊ लागले. मला वाटलं, दुकानात कामाचा ताण असेल, सणाचे दिवस आहेत. आपलं काही चुकलं असेल असं मनाला शिवलंही नाही.

अप्पा दुकानात कोसळले ते भर दुपारी. उलटीत रक्त होतं. दुकानातल्या दोघांनी त्यांना ऑटोत घालून इस्पितळात नेलं आणि एकजण आम्हाला सांगायला आला. आई, आत्या आणि मी पोचलो तेव्हा अप्पा पडद्यामागे होते, नाकात नळी, चेहरा साबणाच्या पाण्यासारखा फिकट. बातमी ऐकून दवाखान्यातला कंपौंडरही आला होता, आई बाजूला जाऊन त्याच्याशी काहीतरी बोलली. मग तरुण डॉक्टर बाहेर येऊन तमिळमध्ये विचारू लागले. पुड्या रोज घेत होते का? अप्पा तर म्हणतात, घेत होतो. मग इतकं कसं चिघळलं?

आई पुढे झाली. पुड्या संपल्या होत्या, ती म्हणाली, आणायला मी विसरले. आठवडाभर आरारूट दिलं.

पुड्या संपल्या नव्हत्या. मी तो धडा वाचला त्या दिवशी डब्यात जाडजूड गठ्ठा होता, मीच पाहिला होता. मी आईकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तेवढ्यात तांदळातला थांबलेला तिचा हात माझ्या डोळ्यांपुढे आला. सगळं एका क्षणात कळलं. डॉक्टर आईला खूप बोलले. आत्या तर इस्पितळाच्या व्हरांड्यातच सुरू झाली, "नवऱ्याचं औषध विसरणारी बाई मी जन्मांत पाहिली नाहीं." आई पदर तोंडाशी धरून उभी होती. मी तोंड उघडलं नाही. हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवते आहे. भ्यायले होते म्हणा, लाज वाटली म्हणा, पण उघडलं नाही.

अप्पा इस्पितळात होते ते दिवस मी नुसती चालत होते. शाळेला जाते सांगून निघायची आणि तळ्याभोवती फेऱ्या मारायची. तिसऱ्या दिवशी पाय मला दवाखान्याकडे घेऊन गेले. कंपौंडर एकटाच होता, अंगात बनियन, हातात खल. मी त्याला विचारलं, तुम्ही देता ती पांढरी पूड कारम आहे का?

"आहे," तो म्हणाला.

"पण पाण्यात विरघळत नाही."

तो हसला नाही, रागावलाही नाही. दोन काचेचे पेले घेतले आणि दोन्हीत पाणी आणि चिमटीभर पूड टाकली. दोन्ही दुधाळ. मग एका बाटलीतलं पातळ केलेलं आम्ल दुसऱ्या पेल्यात थेंबथेंब सोडत ढवळू लागला. ढवळता ढवळता दूध विरळ झालं, धूसर झालं, आणि थोड्या वेळाने पेल्यात नुसतं स्वच्छ पाणी दिसू लागलं. पहिला पेला तसाच दुधाळ, तळाशी पूड साचायला लागलेली.

"पाण्याला तू कशाला विचारतेस?" तो म्हणाला. "आम्लाला विचार. आम्ल भेटलं की ही त्याला मारते, आणि दोघांचं मिळून मीठ आणि पाणी होतं. जो आम्लाला असा मारतो तो कारम. मग तो पाण्यात विरघळो, न विरघळो." विरघळणाऱ्यांना वेगळं नाव आहे, तो म्हणाला, एरिकारम, जाळणारं कारम. सगळे एरिकारम हे कारमच, पण सगळे कारम काही एरिकारम नाहीत. "ही पूड पाण्यात तशी विरघळली असती तर तुझ्या बापाचा गळा भाजला असता. ती वाटेत कोणाला त्रास देत नाही. पोटात उतरते, तिथलं आम्ल तिला गाठतं, तेव्हाच तिचं काम सुरू होतं. म्हणून तर ती औषध."

मी त्या दोन पेल्यांकडे बघत उभी राहिले. इतकं साधं होतं. टीचरच्या कपाटाची चावी असती तर मला ते वर्गातच दिसलं असतं आणि संध्याकाळी माझं डोकं ठिकाणावर असतं. पण हे सगळं टीचरवर ढकलणं आता या वयात बरं दिसत नाही. मला येत होतं ते अर्धं वाक्यसुद्धा पुरेसं होतं.

लग्नानंतर कधीतरी नवऱ्याच्या जुन्या शालेय पुस्तकात मला मराठी शब्द सापडला. तिकडे याला आम्लारी म्हणतात. आम्लाचा अरी, म्हणजे शत्रू. विरघळण्याचा, चवीचा, कागदाच्या रंगाचा त्यात मागमूस नाही, काम काय तेवढंच सांगितलेलं. मी ते पुस्तक हातात घेऊन स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले आणि नवऱ्याला वाटलं मला माहेरची आठवण आली. हा शब्द आमच्या भाषेत होता. आमच्याच. तंजावूरला येऊन राहिलेल्या आमच्या घरापर्यंत तो कधी पोचला नाही. पोचला असता तर आईने त्या संध्याकाळी कदाचित एकाच्या दोन पुड्या दिल्या असत्या.

अप्पा घरी आले, पातळ भात आणि ताक यांवर. आणि आत्याने लगेच विषय काढला. "हिज आतां विसरायला होतंय," ती आईकडे बोट करून अप्पांना म्हणाली. "घरांत आजारी माणूस. पोरीला शाळेंतून काढ, हाताखाली होईल." अप्पा दमलेले होते. ते नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत, पण मान अर्धवट हलली, आणि आमच्या घरात आत्यासमोर तेवढं हलणं म्हणजे ठरल्यासारखंच होतं.

मी म्हटलं, "मज शाळा नक्को. मीच जात नाहीं."

कोणी मला विचारलंही नव्हतं. पण माझं ठरलं होतं. माझ्या वाचण्याने माझा बाप मरता मरता राहिला होता, पुन्हा तोंडाने एक अक्षर वाचायचं नाही. पुस्तकं मी बांधून माळ्यावर टाकली होती. आत्या खूश झाली, म्हणाली, शेवटी आली शहाणपणाला.

दिवेलागणीला आई नेहमीसारखी ओसरीवर बसली. सूप पुढ्यात. "यमू," तिने हाक मारली, "पुस्तक आण."

"नाहीं."

"आण म्हणतें."

मी तिच्यासमोर जाऊन बसले, हात रिकामेच. मग माझ्याने राहवेना. "आई, तें तिखट नव्हतं. मज ठाव होतं. तूं विचारलीस, आणि मी सांगिटलं नाहीं."

"ठाव अहे," ती म्हणाली. "कंपौंडर इस्पितळांत आला होता. सांगिटला."

"कधी?"

"पहिल्या दिवशीं. डॉक्टर विचारायच्या आधीं."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं आणि तरी ती विसरले म्हणाली. आत्याचं ऐकून घेतलं, पुढची वीस वर्षं ऐकून घेणार होती, "आमटीत मीठ घातलंस की विसरलीस?", "दार लावलंस की विसरलीस?" "मग खरं कां सांगिटली नाहींस?"

"काय सांगूं? माझ्या पोरीनं वाचलं म्हणून मी औषध टाकलं, असं?" तिने सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "तुझी आत्या त्याच दिवशीं तुझीं पुस्तकं जाळली असती. ती नाहीं तर तूं जाळली असतीस. बघ, माळ्यावर टाकलीसच." मग आवाज खाली आणून म्हणाली, "अप्पा वाचले गे. आतां तूं वाच."

मी माळ्यावरून गठ्ठा काढला. पुस्तक उघडलं तर नेमकं तेच पान, कोपरा दुमडलेला. आतल्या खोलीत आत्या जागी होती, तिच्या कुशी बदलण्याचा आवाज येत होता. आईने हाताने खूण केली, मोठ्यानं. मी मोठ्याने वाचलं. मॅग्नेशियम आक्सैडु ओरु कारम. तिथे मी थांबले.

आई रडली नाही, तिने मला जवळही घेतलं नाही. तिने सूप बाजूला सरकवलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला धड्यातल्या गोष्टीचं कारण विचारलं. "पाण्यांत विरघळत नाहीं, जिभेला लागत नाहीं. मग कारम कां?"

मी सांगायला लागले. पाण्याला विचारायचं नाही, आम्लाला विचारायचं, दोघांचं मिळून मीठ आणि पाणी होतं, असं काहीबाही, हुंदके देत, अर्धं तमिळ आणि अर्धं मराठी. सांगून झालं तशी मी तिच्याकडे बघितलं. ती भुवया आकसून विचार करत होती.

"नाहीं कळलं," ती म्हणाली. "परत सांग."